नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ची कथा

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला नाव ठेवले की मूल कुळात आणि समाजात दाखल होते. नावे ठेवली की माणूस चारचौघांत उणा ठरतो. हे अंतर किती निसरडे असते, याचा अनुभव साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. ‘प्रादेशिक’, ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘लोकप्रिय’ अशी विशेषणे आपण अभ्यासाच्या सोयीसाठी वापरतो आणि काही काळाने ती सोय नेमकी कोणाची होती, हा प्रश्न पुढे येतो. विसाव्या शतकातील अमेरिकन लोकप्रिय संगीताचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्यातही ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या नावाचा इतिहास विशेष बोलका आहे. आज हे नाव एका संगीतप्रकाराचे म्हणून आपण घेतो. वस्तुतः ते जन्माला आले तेव्हा संगीतापेक्षा गिऱ्हाइकाचे नाव होते. गिऱ्हाइकाचे नाव संगीताचे कसे झाले आणि त्यात कोणाचे काय गेले, एवढेच येथे पाहायचे आहे.

१

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथे मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ‘ओके’ या कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. गीताचा कर्ता पेरी ब्रॅडफर्ड हाही कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातला ब्लूज तबकडीवर यावा, यासाठी त्याने कंपन्यांचे उंबरठे झिजवले होते. कृष्णवर्णीय समाज तबकड्या विकत घेत नाही, असा व्यापाऱ्यांचा समज होता. ‘क्रेझी ब्लूज’च्या खपाने तो खोटा ठरवला. त्यानंतर कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. १९२३ मध्ये बेसी स्मिथ ‘कोलंबिया’कडे, तर मा रेनी ‘पॅरामाउंट’कडे गाऊ लागली.

या तबकड्यांसाठी कंपन्यांनी स्वतंत्र सूची काढल्या, त्यांना वेगळे क्रमांक दिले आणि त्यांचे नाव ठेवले ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या’ तबकड्या. आज हा शब्द कानाला बोचतो. तथापि त्या काळी तो शिवीसारखा नव्हता. समाजासाठी झटणाऱ्या, समाजाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत याच शब्दाने गौरवीत असत. कंपन्यांनी तो शब्द उचलला आणि त्याची पेठ केली. त्याच सुमारास दक्षिणेतील गरीब श्वेतवर्णीयांच्या संगीतासाठी ‘हिलबिली’ अशी दुसरी पेठ निघाली. या शब्दात तर उघडच गावंढळपणाचा टोमणा होता.

संगीत मात्र या दोन सूचींच्या हद्दी पाळीत नव्हते. ब्लूजच्या कडव्याची बांधणी ठरीव असते : पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि मग उत्तरादाखल तिसरी ओळ, चार-चार मात्रांची अशी एकूण बारा आवर्तने. प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा उरते आणि तेथे वाद्य बोलते. भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, तसा हा सवाल-जवाब असतो. ही बांधणी दक्षिणेत श्वेतवर्णीय गायकही सर्रास वापरीत. ‘हिलबिली’ सूचीतला सर्वांत लोकप्रिय गायक जिमी रॉजर्स याची प्रसिद्ध गीते ब्लूजच्याच घाटाची आहेत. १९३० मध्ये त्यांपैकी एका गीताच्या ध्वनिमुद्रणात ट्रंपेट वाजवला होता लुई आर्मस्ट्राँगने. ज्यांच्या तबकड्या दुकानात एका फळीवर ठेवल्या जात नव्हत्या, असे दोन कलावंत एकाच ध्वनिमुद्रणात एकत्र आले होते. सूची संगीताविषयी जे सांगत होती, त्याहून अधिक ती दुकानाविषयी सांगत होती.

२

पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतील शेतमळे सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेली. अमेरिकन इतिहासात हे ‘महास्थलांतर’ म्हणून ओळखले जाते. मडी वॉटर्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४१ मध्ये लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने मिसिसिपीतील शेतमळ्यावर त्याचे गाणे सरकारी ग्रंथालयासाठी मुद्रित केले, तेव्हा तो साधी गिटार वाजवीत होता. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तेथील गोंगाटाच्या दारूगुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पुरेना. त्याने विजेवरची गिटार हाती घेतली आणि शेतातला ब्लूज शहराचा झाला.

दुसरीकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठे नृत्यवाद्यवृंद परवडेनासे झाले. १९४४ पासून नृत्यगृहांवर जबर कर बसला, वादक सैन्यात गेले, प्रवास महागला. पंधरा-सोळा वादकांच्या जागी पाच-सहाजणांची टोळकी आली : एखादा सॅक्सोफोन, पियानो, बेस, ड्रम आणि विनोदी, खटकेबाज गाणारा म्होरक्या. लुई जॉर्डन हा त्यांतला अग्रणी. चार मात्रांतील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणारा ठसठशीत ठेका, सॅक्सोफोनची रासवट फेक आणि रोजच्या जगण्यातल्या उधारी-उसनवारीवरची, पाहुण्यांवरची, भांडणांवरची गाणी, असा त्याचा बाज होता. १९४६ मधील त्याचे ‘चू चू च’बूगी’ कृष्णवर्णीयांच्या विक्रीयादीत तब्बल १८ आठवडे पहिल्या स्थानी होते.

हे संगीत मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिले आणि म्हणून ते छोट्या कंपन्यांकडे गेले. सिनसिनाटीची ‘किंग’, न्यूयॉर्कची ‘ॲटलांटिक’, शिकागोची ‘चेस’, लॉस एंजेलिसची ‘स्पेशालिटी’, ह्यूस्टनची ‘पीकॉक’ या साऱ्या १९४० च्या दशकातल्या किंवा त्याच्या कडेच्या. गीतकारांच्या हक्कांचे जुने मंडळ ब्लूज आणि ‘हिलबिली’ लिहिणाऱ्यांना फारसे उभे करीत नसे; १९३९ मध्ये रेडिओवाल्यांनी बीएमआय हे प्रतिस्पर्धी मंडळ काढले आणि या गीतकारांना दार उघडले. १९४८ मध्ये मेंफिसच्या ‘डब्ल्यूडीआयए’ या केंद्राने कृष्णवर्णीय निवेदक नेमला आणि पुढे आपले सारे कार्यक्रमच कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी केले. शाळा, बस, उपाहारगृहे वर्णानुसार विभागलेल्या त्या प्रदेशात रेडिओलहरींना मात्र वेगळे दार काढता आले नाही. श्वेतवर्णीय घरांतली मुले रात्री उशिरा ही केंद्रे लावू लागली.

३

‘बिलबोर्ड’ हे त्या काळी संगीतव्यवसायाचे साप्ताहिक होते. विक्रीच्या याद्या ते छापत असे. १९४२ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या पेठेसाठी ‘हार्लेम हिट परेड’ ही यादी सुरू केली. १९४५ मध्ये तिच्या नावात ‘रेस’ हा शब्द आला. यादी संगीताच्या लक्षणांवरून ठरत नव्हती. हार्लेममधील दुकानांत काय खपते, कृष्णवर्णीय वस्तीतल्या ज्यूकबॉक्सवर काय वाजते, यावरून ठरत होती. याचा पुरावा त्या यादीतच आहे. १९४२ मध्ये बिंग क्रॉस्बी या श्वेतवर्णीय गायकाचे ‘व्हाइट ख्रिसमस’ ‘हार्लेम हिट परेड’मध्ये पहिले आले होते. त्या गीतात ब्लूजचा मागमूसही नाही.

२५ जून १९४९ च्या अंकात यादीचे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ करण्यात आले. ही सूचना जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराची. महायुद्धानंतरच्या काळात ‘रेस’ हा शब्द त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना अवघड वाटू लागला होता. नवे नाव सभ्य होते, ठेक्याकडे आणि ब्लूजकडे बोट दाखवणारे होते. पण याद्या बनवण्याची रीत तीच राहिली. वर्णवाचक शब्द गेला. पेठेची भिंत जागच्या जागी राहिली आणि आता तिला संगीताचे नाव मिळाले. येथून पुढे कृष्णवर्णीय गायक काहीही गायला तरी तो ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’चा गायक ठरू लागला. अभ्यासकांच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा आहे, कारण सामाजिक विभागणी शैलीचा वेष घेऊन अभ्यासात येते ती अशी, कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून, संपादकीय टेबलावरच्या एका सद्भावनेच्या दुरुस्तीतून.

१९५० च्या दशकात हेच संगीत श्वेतवर्णीय मुलांना विकायचे ठरले, तेव्हा त्याला आणखी एक नाव लागले. कृष्णवर्णीयांच्या बोलीत आधीपासून असलेला ‘रॉक अँड रोल’ हा शब्दप्रयोग क्लीव्हलँडच्या आणि १९५४ पासून न्यूयॉर्कच्या ॲलन फ्रीड या निवेदकाने लोकप्रिय केला. दोहोंमधला सांगीतिक फरक दाखवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची मोठी पंचाईत होते, ती यामुळेच. ज्या फ्रीडने कृष्णवर्णीयांचे संगीत श्वेतवर्णीय घरांत पोहोचवले, त्याचेच नाव चक बेरीच्या ‘मेबेलीन’ या १९५५ च्या गीताला सहगीतकार म्हणून लागले होते. रेडिओवर गाणे वाजवण्याची ती किंमत होती. गीताचे पूर्ण हक्क बेरीकडे परत आले ते १९८६ मध्ये.

४

आता एका गीताकडे जरा थांबून पाहू. बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘हाउंड डॉग’ मुद्रित केले. गीत लिहिणारे जेरी लायबर आणि माइक स्टोलर हे दोघे ज्यू तरुण एकोणीस वर्षांचे होते. ध्वनिमुद्रणाची सूत्रे जॉनी ओटिसकडे होती. तो ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा. पण आयुष्यभर कृष्णवर्णीय समाजात, त्या समाजाचा एक होऊन राहिला. कंपनी ‘पीकॉक’, तिचा मालक डॉन रोबी कृष्णवर्णीय. हे गीत कोणत्या ‘वंशा’चे? सूचीला हा प्रश्न पडला नाही. १९५३ मध्ये ते ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’च्या यादीत सात आठवडे पहिले होते.

मूळ गीत एका बाईचे आहे. आपल्या जिवावर ऐतखाऊपणे जगणाऱ्या पुरुषाला ती दाराबाहेर काढते आहे. कुत्रा हे तिने त्या पुरुषाला दिलेले विशेषण आहे. तेथे ‘नावे ठेवण्या’चा हक्क बाईकडे आहे. थॉर्नटनच्या भरदार आवाजात आणि मधूनमधून गुरगुरण्यात तो पुरेपूर वसूल होतो. एल्विस प्रिस्लीने १९५६ मध्ये जे गीत गायले, त्याचे शब्द लास व्हेगासमधल्या एका वाद्यवृंदाने आधीच बदलून घेतले होते. त्यात बाई उरली नाही, पुरुषही उरला नाही. शिकार न साधणारा खराखुरा कुत्रा तेवढा उरला. मूळ अर्थ निघून गेला. हे गीत ‘पॉप’च्या यादीत अकरा आठवडे पहिले राहिले. एवढेच नव्हे, तर कंट्री आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या याद्यांतही ते अग्रस्थानी पोहोचले. थॉर्नटन सांगत असे की, या गीताचे तिला एकदाच ५०० डॉलर मिळाले.

येथे एल्विसला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यामुळे यंत्रणा दिसत नाही. १९०९ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यानुसार एकदा मुद्रित झालेले गीत कोणीही पुन्हा मुद्रित करू शकत असे. दर तबकडीमागे दोन सेंट गीताच्या हक्कदाराला दिले की झाले. गायकाला, त्याच्या गायनशैलीला, वाद्यमेळाच्या रचनेला संरक्षण नव्हते. ध्वनिमुद्रणालाच संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ पासून. म्हणजे कायदा लिहिलेल्या शब्दाला आणि स्वरलिपीला ओळखत होता. ज्या संगीताचा प्राण उच्चारात, ठेक्यात आणि आवाजाच्या पोतात होता, त्याच्यासाठी कायद्यात जागाच नव्हती. मौखिक परंपरांविषयी शिकवणाऱ्यांना यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको. १९५५ मध्ये लाव्हर्न बेकर या गायिकेच्या ‘ट्वीडली डी’ची जॉर्जिया गिब्ज या श्वेतवर्णीय गायिकेने जवळजवळ हुबेहूब नक्कल केली आणि नक्कल मुळाहून कितीतरी वर गेली. बेकरने काँग्रेसमधील कृष्णवर्णीय प्रतिनिधी चार्ल्स डिग्ज याला पत्र लिहून कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही.

रूथ ब्राउनची कथा याहून लांबली. १९५० च्या दशकात ‘ॲटलांटिक’ कंपनी तिच्या तबकड्यांच्या खपावर उभी राहिली, असे तिच्या काळचे लोकच म्हणत. पुढे लाट ओसरली तेव्हा तिला लोकांच्या घरी कामाला जावे लागले, बस चालवावी लागली. कंपनीच्या वहीत मात्र तिच्याच नावे कर्ज निघत होते, कारण ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकाच्या मानधनातून वळता होई. तिने वकिलाच्या मदतीने दीर्घ लढा दिला. कंपनीने हिशेब दुरुस्त केले आणि १९८८ मध्ये जुन्या कलावंतांच्या साहाय्यासाठी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. बाजाराने ठेवलेले नाव येथे प्रथमच कलावंतांच्या कामी आले.

५

नावाशी झगडण्याचे दोन मार्ग १९६० च्या दशकात दिसतात. पहिला डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डीचा. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने १९५९ मध्ये आपली कंपनी काढली. तीच पुढे ‘मोटाउन’ म्हणून ख्यात झाली. ‘तरुण अमेरिकेचा ध्वनी’ असे तिचे घोषवाक्य होते. त्यात वर्ण नाही, ब्लूज नाही, वस्ती नाही; वय आणि देश तेवढा आहे. पेठेची भिंत जणू नाहीच, असे समजून चालण्याचा हा मार्ग होता आणि तो यशस्वीही झाला. ‘पॉप’ची आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ची यादी इतकी सारखी दिसू लागली की ‘बिलबोर्ड’ने नोव्हेंबर १९६३ मध्ये दुसरी यादी बंद केली. भिंत पडली, असे कोणालाही वाटावे. जानेवारी १९६५ मध्ये ती यादी पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षात बीटल्स आणि त्यांच्या मागोमाग इतर ब्रिटिश वाद्यवृंद अमेरिकेत आले होते. त्यांतले बहुतेक जण शिकागो, मेंफिस आणि डेट्रॉइटचीच गाणी गात मोठे झालेले होते.

दुसरा मार्ग नाव आतून घडवण्याचा. रे चार्ल्सने १९५४ मध्ये चर्चमधल्या गीताची चाल प्रेमगीताला लावली, तेव्हा धर्मनिष्ठांनी त्याला नावे ठेवली. परंतु देवासाठी राखलेला तो आर्त, उचंबळता स्वर ऐहिक गीतात उतरला आणि त्याला ‘सोल’, म्हणजे आत्मा, हे नाव पडले. समाजाने आपल्या बोलीतून दिलेले हे नाव होते. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्याला अस्मितेचे वजन आले. १९६९ मध्ये ‘बिलबोर्ड’नेही आपल्या यादीचे नाव ‘सोल’ केले. साप्ताहिकाला हे नाव द्यायचे नव्हते, स्वीकारायचे होते.

‘सोल’ची ताकद एका गीतात पाहावी. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये ‘रिस्पेक्ट’ लिहिले आणि गायले. त्यात राबून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गीत बाईच्या तोंडी दिले, त्यात नव्या ओळी, नवे पालुपद आणि बहिणींचा कोरस घातला. घरातल्या मानाची मागणी बाईची झाली, समाजाची झाली. ‘हाउंड डॉग’ आणि ‘रिस्पेक्ट’ ही दोन्ही दुसऱ्याची गीते पुन्हा गायलेली आहेत. एका पुनर्गायनाने गीतातली बाई हद्दपार केली, दुसऱ्याने तिला आत आणले. रूपांतराविषयी आणि संहितेच्या मालकीविषयी वर्गात बोलताना ही जोडी उपयोगी पडावी. अरीथाच्या या ध्वनिमुद्रणाचा निर्माता होता जेरी वेक्सलर, १९४९ मध्ये यादीचे नाव बदलणारा पत्रकार.

नंतरची नामावळी थोडक्यात सांगता येईल. १९८२ मध्ये यादीचे नाव ‘ब्लॅक’ झाले, १९९० मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’, तर १९९९ मध्ये त्याला ‘हिप-हॉप’ जोडले गेले. प्रत्येक वेळी कारणे नवी दिली गेली. पेठ तीच होती.

६

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही आणि त्यामागे प्रत्यक्ष दुवाही आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले. ‘दलित साहित्य’ या नावावर झालेले वाद आपण जाणतो : बौद्ध साहित्य म्हणावे की आंबेडकरी, विद्रोही म्हणावे की नुसते साहित्य. तथापि एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. १९५८ च्या मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनात ते नाव लेखकांनी स्वतः उच्चारले होते. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव गायकांना विचारून ठेवलेले नव्हते. नाव जाचक की उपकारक, हे त्या शब्दाच्या अर्थावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कोणी ठेवले यावरही असते. ‘रेस’ हा शब्द वृत्तपत्रात गौरवाचा होता आणि सूचीत कुंपणाचा झाला, हे आपण वर पाहिलेच.

हा इतिहास संपलेला नाही. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत पुरेसे ‘कंट्री’ नाही म्हणून ‘बिलबोर्ड’ने कंट्रीच्या यादीतून काढले, मग ते मुख्य यादीत १९ आठवडे पहिले राहिले. २०२० मध्ये ‘अर्बन’ हा कृष्णवर्णीय संगीतासाठी वापरला जाणारा शब्द ग्रॅमी पुरस्कारांच्या एका विभागाच्या नावातून काढण्यात आला आणि त्या जागी ‘प्रोग्रेसिव्ह आर अँड बी’ आले. २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत, याची बातमी झाली. ज्या बँजोविना जुन्या कंट्री संगीताची कल्पना करता येत नाही, ते वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या स्मृतीतून अमेरिकेत घडले. रे चार्ल्सने तर १९६२ मध्येच कंट्री गीतांचा एक अल्बम काढून देशभर गाजवला होता. तरीही २०२५ मध्ये ही घटना नवलाची वाटावी, इतकी १९२० च्या दशकातली सूची पक्की बसलेली आहे.

म्हणून वर्गीकरण टाळावे, असे सुचवायचे नाही. नाव नसेल तर मोजदाद होत नाही आणि मोजदाद होत नाही त्याला कोणी हिशेबही देत नाही. रूथ ब्राउनला अखेर आधार मिळाला तो त्याच नावाच्या संस्थेमुळे. मात्र वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकातले एखादे प्रकरण उघडताना त्याच्या शीर्षकाला तीन प्रश्न विचारावेत : हे नाव कोणी ठेवले, त्याने काय मोजले जाते आणि त्या नावाच्या आत राहणाऱ्यांनी त्याचे पुढे काय केले. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’च्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोठे आहे. दुकानदाराच्या सोयीसाठी काढलेल्या एका फळीवर त्या गायक-वादकांनी असे संगीत निर्माण केले की, शतकभर जगातल्या तरुणांनी आपले गाणे तेथूनच उचलले.